दोन्ही बाजूंना बटणं

वायरमनचा प्रश्न साधाच होता. "ताई, मुख्य बेडरूम वरची धरू की खालची?"

मी म्हणाले, "वरची."

त्याच दमात माझा नवरा म्हणाला, "खालची."

वायरमननं आमच्याकडे आळीपाळीनं पाहिलं, हातातला खडू खिशात टाकला आणि "मी चहा घेऊन येतो" म्हणून निघून गेला. अशी जोडपी त्यानं बरीच बघितली असावीत.

घराच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, वर स्लॅब पडला होता, जिन्याला पायऱ्या होत्या पण कठडा नव्हता. प्लास्टर सुरू होण्याआधी दिव्यांच्या आणि बटणांच्या जागा ठरवून भिंती खोदायच्या होत्या. आमचं घर जिनं आखलं तिला आम्ही नकाशेबाई म्हणायचो. तिनं खाली एक मोठी आणि एक लहान खोली दिली होती, आणि वरही एक मोठी, एक लहान, तंतोतंत तशाच. "कुठली मुख्य ते नंतर सावकाश ठरवा," असं ती गोड आवाजात म्हणाली होती. हुशार बाई, पण तिथं चुकली. आम्हाला काही नंतर ठरवायला सांगणं म्हणजे भांडण उधारीवर देणं.

मुख्य बेडरूम म्हणजे काय, तर तिला भिंतीतलं मोठं कपाट, एसीची सोय आणि पलंगाच्या उशाशी बटणं. हे सगळं दोन्हीकडे करायची आमची ऐपत नव्हती. म्हणून एकच काहीतरी ठरवायचं होतं.

मला वर का हवं होतं, ते सांगते. मी पडदे शिवते. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजते, आणि मोजता मोजता लोकांच्या झोपायच्या खोल्या बघते. दार लावलं की बाहेरचं जग बाहेर राहतं अशा खोल्या. आमच्या तेव्हाच्या भाड्याच्या जागेत आमचा पलंग ज्या प्लायवुडच्या भिंतीला टेकलेला होता, त्याच भिंतीला पलीकडून सासूबाईंचा पलंग टेकलेला होता. मी रात्री कूस बदलली की पलीकडून आवाज यायचा, "झोप येत नाही का गं?" आम्ही भांडायचोसुद्धा कुजबुजत. इतकी वर्षं कुजबुजत भांडल्यावर आता मोठ्यानं भांडताच येत नाही, मधेच हसू येतं. तेव्हा मला वरची खोली हवी होती. डोक्यावर आकाश, खाली जिना, आणि जिन्यावर कुणाची पावलं वाजली तर तोंडावर साजेसा भाव आणायला पुरेसा वेळ.

नवऱ्याला खाली हवं होतं, त्याचं कारण त्याच्या धंद्यात आहे. तो गाडी चालवायला शिकवतो. शिकणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, पण याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, आणि समोर मांजर दिसण्याआधीच याचा पाय त्याच्यावर असतो. ही सवय गाडीतच राहिली असती तर बरं होतं. पण दूध उतू जाण्याआधी तो गॅसशी, पोरगी पडण्याआधी तो पोरीशी. आता त्याला आई पडेल याची काळजी होती.

"रात्री उठली, अंधारात पाय सरकला, हाक मारली, तर वर आपल्याला ऐकू येणार आहे का?"

"त्या आजवर पडल्यात का कधी?"

"म्हणूनच. आता पडायचं वय आहे."

इथवर ठीक होतं. पण नव्या घरात माझे वडीलही राहायला येणार होते. आई गेल्यापासून ते दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहत होते. पूर्वी टाइपरायटर दुरुस्त करायचे. यंत्रं गेली, बाबा राहिले. आम्ही दोघं खालच्या मोठ्या खोलीत आलो, तर खालच्या लहान खोलीत सासूबाई. मग बाबा?

"बाबा वर राहतील," नवरा म्हणाला. "त्यांचे गुडघे तुझ्यामाझ्यापेक्षा चांगले आहेत."

"म्हणजे तुझी आई खाली आणि माझे बाबा वर?"

"खोली मोठी आहे वरची. हवा आहे."

"एवढी घाई झालीय का माझ्या बाबांना वर पाठवायची?"

"अगं, तसलं वर नाही म्हणत मी!"

यावर आम्ही दोघंही हसलो, आणि हसून झाल्यावर पुन्हा तिथंच येऊन थांबलो. त्याला आईला सोडून वर जायचं नव्हतं, मला बाबांना कठडा नसलेल्या जिन्यानं वर चढवायचं नव्हतं, आणि खरं बोलायचं तर मला ती वरची खोली कुणाच्याच बापाला द्यायची नव्हती.

शेवटी ठरलं, म्हाताऱ्यांनाच विचारू. रविवारी दोघांना घर दाखवायला नेऊ आणि वायरमनसमोर काय ते बोलून टाकू. यात माझा हिशेब वेगळा होता, त्याचा वेगळा. सासूबाई म्हणणार, "मला काय, कुठंही चालतं." बाबा म्हणणार, "तुमचं तुम्ही बघा, माझी एक खुर्ची मावली की झालं." दोघांचीही ही वाक्यं आम्हाला तोंडपाठ होती. मग जो जास्त मागे सरेल त्याला ओढून पुढे आणायचं, आणि उरलेल्या जागेत आपलं म्हणणं बसवायचं. घराघरांत असंच चालतं.

रविवारी गाडीतून उतरल्यावर सासूबाईंनी पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि सिमेंटच्या गोण्या चुकवत आत गेल्या. मागून बाबा. त्यांचा उजवा कान कधीचाच गेलाय, म्हणून ते मान थोडी वळवून चालतात, सतत कुणीतरी त्यांना हळूच काही सांगतंय असं वाटतं.

वायरमन खालच्या मोठ्या खोलीत खडू घेऊन तयार होता. "बोला. आजींची खोली कुठली?"

"ही," सासूबाई म्हणाल्या.

मी आणि नवऱ्यानं एकमेकांकडे पाहिलं. आमच्या घरात सव्वीस वर्षांत या बाईंनी कुठल्याही गोष्टीला 'ही' म्हटलं नव्हतं. साडी घ्यायला गेलं तरी "तुला आवडेल ती" म्हणायच्या.

"आई, ही मोठी खोली आहे," नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला. शिकाऊ माणसानं चुकीचा गिअर टाकला की तो याच सुरात बोलतो. "तुझी पलीकडची, लहान. ही तुला एकटीला फार मोठी होईल."

"एकटीला मोठीच आहे ही," त्या म्हणाल्या.

वायरमनला संसारात रस नव्हता. त्यानं भिंतीवर पलंगाचा चौकोन काढला. "उशी इकडे धरतो. आजी, दिव्याचं बटण कुठल्या हाताला देऊ? उजव्या?"

"दोन्ही बाजूंना द्या."

"पलंगाच्या दोन्ही बाजूंना?"

"मग काय, भिंतीच्या? पलंगाला बाजू असतात किती?"

वायरमननं दोन फुल्या मारल्या. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला रात्री कुठूनही हात पोचावा म्हणून असेल. नवऱ्यालाही तेच वाटलं असणार, कारण तो मान हलवत होता. चांगली कल्पना आहे, सुरक्षित आहे, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मग सासूबाई खिडकीकडे वळल्या. बाबा तिथं चौकटीवरून बोट फिरवत उभे होते. त्यांच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही खिडकीकडेच ना?"

आणि माझे बाबा म्हणाले, "हो, खिडकीकडेच बरं. म्हणजे डावा कान तुमच्याकडे येतो."

आता 'अहो' काय, कुणालाही म्हणता येतं. अहो भाऊ, अहो काका, अहो जरा सरकता का. रस्त्यात पाकीट पडलेल्या अनोळखी माणसालाही आपण अहो म्हणूनच हाक मारतो. पण एक 'अहो' वेगळं असतं. त्याच्यापुढे भाऊ नसतो, काका नसतो, काहीच नसतं. ते नुसतंच असतं, आणि ते ऐकलं की जगातल्या सगळ्या माणसांतला एकच माणूस मान वर करतो. हे 'अहो' ते होतं. मला ते कळायला एक श्वास लागला. 

या दिवसापर्यंत त्या दोघांचं नातं म्हणजे व्याही आणि विहीणबाई. ते आले की त्या डोक्यावरचा पंखा एकानं वाढवायच्या. ते जाताना "बरंय विहीणबाई" म्हणायचे. संपलं.

वायरमन काही न समजून म्हणाला, "मग आजोबांच्या बाजूला पंख्याचं बटणही देऊ?"

"द्या," सासूबाई म्हणाल्या. "त्यांना पहाटे गार वाजतं."

"आई!" नवरा ओरडला. रिकाम्या खोलीत तो आवाज असा घुमला की बाहेर वाळू चाळणारी बाई हात थांबवून आत बघायला लागली. "त्यांना पहाटे काय वाजतं ते तुला काय ठाऊक?"

"त्यांनी सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. "माणसं बोलतात एकमेकांशी."

"हे... म्हणजे तुम्ही... म्हणजे काय, लग्नबिग्न?"

"लग्नाचं आम्ही बघू. तू आधी बटणांचं ठरव, या वायरमनचा खोळंबा होतोय." मग पर्स या हातातून त्या हातात घेऊन त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "हट्ट नाही बाबा माझा. घर तुमचं आहे. नसेल जमत तर बाजाराच्या मागे दोन खोल्या बघून ठेवल्यात आम्ही. तळमजलाच आहे."

बघून ठेवल्यात. आम्ही. मी भिंतीला हात टेकला, तो चौकटीभोवतीच्या ओल्या सिमेंटवर पडला.

"आणि इथं राहायचं झालं, तर पडदे तूच शीव हं," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "जरा जाड घे."

नवरा बाहेर गेला. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. आपल्या गाडीचं दार आपटणाऱ्या विद्यार्थ्याला हा माणूस दहा मिनिटं भाषण देतो.

सासूबाई वायरमनला घेऊन स्वयंपाकघराकडे गेल्या, आणि मी बाबांसमोर उभी राहिले. खूप बोलायचं होतं. निघालं ते एवढंच, "बाबा, लोक काय म्हणतील?" हे वाक्य मी! दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं की ज्या वाक्याची मी आयुष्यभर टर उडवली, ते माझ्या तोंडात तयारच बसलेलं होतं.

"इकडून बोल," बाबा म्हणाले आणि डावा कान पुढे केला.

दुसऱ्यांदा ते वाक्य म्हणायला मला जमलं नाही. मी म्हटलं, "कधीपासून?"

"डोळ्याच्या ऑपरेशनपासून."

आणि तेव्हा मला दुसरा धक्का बसला, कारण ते मीच घडवून आणलं होतं. बाबांचा मोतीबिंदू काढला तेव्हा माझ्याकडे एका शाळेच्या सभागृहाच्या पडद्यांचं काम होतं, मला मान वर करायला फुरसत नव्हती. मीच सासूबाईंना म्हटलं होतं, "आई, दुपारी जरा बाबांच्या डोळ्यात थेंब घालून याल का? डबाही द्या जाता जाता." त्या कुरकुरल्या होत्या. मीच मागे लागले होते.

"दोन औषधं होती," बाबा सांगत होते. "एक घातलं की दुसरं घालायच्या आधी थोडं थांबायचं असतं. डोळे मिटून पडायचं. आता ती बाई तेवढ्यासाठी घरी परत कशी जाणार? बसायची. मी डोळे मिटलेले, ती बोलतेय. कुणाचं तोंड न बघता बोलायला तिला बरं वाटायचं बहुतेक. मग थेंब संपले."

"मग?"

"मग डॉक्टरांनी सांगितलं, आता औषध नको. मी तुमच्या घरी हे सांगितलंच नाही."

आमच्या घरातून रोज दुपारी एक बाई एका बऱ्या झालेल्या डोळ्यात थेंब घालायला जात होती, आणि मी तिला वर डबा भरून देत होते.

"एकट्यानं जेवता येतं गं," बाबा चौकटीवरचा खडबडीतपणा नखानं काढत म्हणाले. "झोपताही येतं. पण एकट्यानं हसलं ना, की आपलं आपल्यालाच दचकायला होतं. तुला चालणार नसेल तर सांग. तुझं वाईट नाही वाटणार मला. म्हणजे वाटेल. पण मी तसं दाखवणार नाही."

माझ्या डोक्यात आई होती, तिचा चष्मा होता, आणि त्या सगळ्याच्या खालून एक निर्लज्ज विचार वर येत होता, की हे दोघं या खोलीत राहिले, तर वरची खोली माझी. रात्री सासूबाई उठल्या तर हाक ऐकायला शेजारी माणूस असेल. डाव्या कानाचा का होईना. जे मला हवं होतं ते अख्खंच्या अख्खं माझ्या पुढ्यात ठेवलं होतं, आणि मला ते हातात घ्यायची शिसारी येत होती. स्वतःची.

"मी त्याला बघून येते," एवढं म्हणून मी बाहेर पळाले.

नवरा गाडीत शिकवणाऱ्याच्या जागेवर बसला होता. मी स्टिअरिंगपुढे बसले. समोरच्या काचेवर धूळ होती. त्याचा पाय ब्रेकवर होता, गाडी बंद असताना.

तो म्हणाला, "म्हणजे आता आपण बहीण-भाऊ झालो."

"गप रे."

"गप काय? तुझे बाबा माझ्या आईचे... म्हणजे माझे वडील. माझी आई तुझी आई. तिला आईच म्हणतेस आधीपासून, सोय आहे. जोडून बघ. आपली पोरगी मग आपली कोण? भाची की पुतणी?"

त्यानं खरंच मुलीला फोन लावला. ती नोकरीसाठी दुसऱ्या गावी असते. स्पीकरवर तिला सगळं सांगताना तो इतक्या ठिकाणी अडखळला, की शेवटी मलाच वाक्यं पुरी करावी लागली. मग ती म्हणाली, "बरं. मग?"

"मग काय मग? तुझी आजी आणि तुझे आजोबा!"

"आजी ती आजी आणि आजोबा ते आजोबा. माझ्यासाठी काय बदललं? उलट भेटायला एकाच खोलीत जायचं. ते सोडा, मुख्य बेडरूमचं काय ठरलं तुमचं? वर की खाली?"

"तुझ्या आजीला वर नको होती," मी म्हटलं. "वर तिनं आधीच शोधून ठेवला होता."

पोरगी इतकी हसली की फोन कट झाला. नवरा हसला नाही. फोन मांडीवर ठेवून तो समोर बघत बसला.

"एवढा राग आलाय?" मी विचारलं.

"राग नाही. तिनं 'अहो' म्हटलं ना, ते... मी ते तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं."

मला नीट कळलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासरे नव्हते, मला ते भिंतीवरच्या फोटोतच भेटले. घरात त्यांचं नाव निघालं की सगळे एकदम कामाला लागायचे, एवढंच मला माहीत.

"ती माझ्या वडिलांना हाकच मारायची नाही," तो म्हणाला. "कुठलीच. ताट मांडायची आणि भिंतीला सांगायची, 'वाढलंय.' पाहुणे आले तर दाराला सांगायची, 'कुणीतरी आलंय.' त्यांचं नाव नाही, अहो नाही, काही नाही. मला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्या आया भिंतींशीच बोलतात."

मी त्याच्याकडे वळून बसले.

"एकदा जेवताना ते काहीतरी म्हणाले, आणि ती म्हणाली, 'मला नाही पटत.' एवढंच. हळू म्हणाली होती. त्यांनी ताट उचलून भिंतीवर मारलं. पुढे किती वर्षं तो डाग होता तिथं. तिनं घासून घासून तेवढ्या जागेचा रंग काढला, पण डाग होताच. त्यानंतर तिला न पटलेलं मी कधी ऐकलं नाही. साडीसुद्धा नाही. आपल्याला वाटायचं ना, आई किती समजूतदार आहे?"

मला वाटायचं. मी मैत्रिणींत सांगायचे, माझी सासू म्हणजे गाय. लोक हेवा करायचे माझा. आणि मी सव्वीस वर्षं एका घाबरलेल्या बाईबरोबर राहत होते, तिच्या घाबरण्याची मला सवय झाली होती, सोयसुद्धा झाली होती. प्लायवुडच्या एवढ्याशा फळीपलीकडे. तिला माझं कूस बदलणं ऐकू यायचं. मला तिचं काहीच ऐकू आलं नव्हतं.

त्या दिवसातला हा धक्का सगळ्यांत मोठा होता. आधीचे दोन त्याच्यापुढे काहीच नव्हते.

"तू लहान असताना," मी विचारलं, "रात्री ऐकत बसायचास का?"

त्याचा पाय ब्रेकवरून निघाला. मग तो दार उघडून उतरला.

आम्ही आत गेलो तेव्हा सासूबाई पलंगाच्या चौकोनासमोर उभ्या होत्या. पर्स पुन्हा पोटाशी. आम्हाला बघितल्यावर त्यांनी पाठ सरळ केली, आणि त्यांच्या तोंडावर ते जुनं हसू आलं, 'मला काय, कुठंही चालतं'चं. अजून एक क्षण गेला असता तर त्यांनी ते वाक्य म्हटलंच असतं. बाबा बाजूला खडूची फुली बोटानं पुसावी की नाही अशा विचारात. बाजाराच्या मागच्या दोन खोल्या मला त्या वेळी डोळ्यांसमोर दिसल्या. ओट्याखाली ओल, एकच खिडकी.

नवरा वायरमनला म्हणाला, "लिहा. मुख्य बेडरूम खालची. कपाट, एसी, सगळं इथं."

"आणि बटणं?" वायरमननं विचारलं. "आजी म्हणाल्या तसं?"

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या वाटणीचं त्यानं केलं होतं. आता बाप माझा होता.

"दोन्ही बाजूंना," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण जरा चढा आला, माल द्यायला उशीर झाल्यावर गिऱ्हाइकाशी बोलते तसा. "पंख्याचं खिडकीच्या बाजूला. बाबांना पहाटे गार वाजतं."

बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि बऱ्या झालेल्या डोळ्याला लावला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या वायरमनला म्हणाल्या, "दोन नंबरची फुली जरा खाली घ्या, हात एवढा लांब नाही माझा."

मग आम्ही दोघं वर गेलो. कठडा नव्हता म्हणून भिंतीला धरून. वरच्या मोठ्या खोलीत ना कपाट येणार होतं ना एसी. नुसती चार भिंतींची खोली, पण माझी. खिडकीतून पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेले कुणाचे तरी शर्ट दिसत होते. इतकी वर्षं मनात धरलेली जागा, आणि तिच्यात उभी राहून मी सवयीनं खिडकीचं माप घेत होते.

"इथून खालचं काही ऐकू येणार नाही," नवरा म्हणाला.

"नको ऐकायला."

पण येत होतं. दारं-खिडक्या नसलेल्या घरात सगळंच ऐकू येतं. खाली कपाटावरून काहीतरी सुरू झालं होतं. सासूबाईंना ते दाराजवळच्या भिंतीत हवं होतं. बाबांचं म्हणणं, तिथं कपाट आलं तर दार पुरतं उघडणार नाही. सासूबाईंचा आवाज चढला. मी तो चढलेला आधी कधीच ऐकला नव्हता, त्यामुळे तो त्यांचा आहे हे कळायलाच वेळ लागला.

नवरा जिन्याकडे निघालासुद्धा. मी त्याचा शर्ट मागून पकडला.

"अगं, सोड. वाढेल ते."

"त्यांचं भांडण आहे. त्यांना करू दे."

तो वरच्या पायरीवर बसला, अर्धा उठलेला, एक हात भिंतीला. मी त्याच्या मागे, शर्ट न सोडता.

"अहो, मी काय म्हणतेय ते ऐकलं का?" खालून सासूबाई म्हणाल्या.

"ऐकलं," बाबा म्हणाले. "पण मला नाही पटत."

माझ्या हातातला शर्ट ताठ झाला. नवऱ्याची मान, खांदे, सगळं आक्रसलं, पन्नाशीतला माणूस एकदम आठ वर्षांचा झाला. हे वाक्य कुणीतरी म्हटल्यावर पुढे काय होतं ते त्याला माहीत होतं. तो ते ऐकायची वाट बघत होता.

"मलाही तुमचं नाही पटत," सासूबाई म्हणाल्या.

खाली क्षणभर काहीच आवाज नाही. मग वायरमन म्हणाला, "मग कपाट कुठं घेऊ?" आणि त्या दोघांपैकी आधी कोण हसलं ते वरून कळलं नाही, पण दुसऱ्यानं फार उशीर लावला नाही.

नवरा पायरीवर तसाच बसून राहिला. त्याचं तोंड उघडं होतं. खाली कुणी काही फेकलं नव्हतं, आणि त्याला अजून ते खरं वाटत नव्हतं.